शिफारशींवर टिक झाली, पुढं?
कुणीतरी म्हटलंय की कॅनडाच्या लष्करातल्या लैंगिक छळावर माजी न्यायाधीश आर्बर बाईंनी दिलेल्या ४८ शिफारशींवर टिक झाल्या की काम फत्ते. अहो, २०१५ ला याच विषयावर दुसऱ्या माजी न्यायाधीश देशाँ बाईंचा रिपोर्ट आलाच होता की, तरी २०२२ ला आर्बर बाईंचा रिपोर्ट लागलाच! केस चालवायची का नाही हे कोण ठरवतं ते बघा, अमेरिकेत बलात्काराच्या केसेसमध्ये ते डिसेंबर २०२३ पासून कमांडरच्या हातातनं काढून वेगळ्या लष्करी वकिलांकडं दिलंय, हा खरा बदल. आमच्या साताऱ्याकडं अपशिंगे मिलिटरीसारखं फौजींचं गाव आहे, आता पोरीपण भरतीसाठी पहाटे रस्त्यानं पळत असतात, आणि जो साहेब रजा मंजूर करणार त्याचीच तक्रार त्याच्याच युनिटात द्यायची म्हटल्यावर कोण देईल ओ? तक्रारीनंतर तक्रार करणारीची बदली कुठं झाली, प्रमोशन मिळालं का, हे पण ट्रॅक करा की.