चेटकीण, करणी की भानामती? कॉमिकसाठी शब्द हवाय

नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. मी आणि माझी चुलतबहीण मिळून एक हॉरर कॉमिक करतोय, आपल्या सोलापुरातलंच, कुंभारीच्या विडी घरकुलातलं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतलं. एक बाई आहे, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, आणि ज्या बायकांना घरी मार बसतो त्या रात्री गुपचूप तिच्याकडं येतात, ती विडीच्या दोऱ्याला एक गाठ मारते आणि तिकडं त्या नवऱ्याचं एक बोट काळं पडायला लागतं, मग दुसरं, मग मनगट. सोळा पानं काढून झालीत पण या बाईला म्हणायचं काय तेच ठरंना. मी 'चेटकीण' लिहिलं तर बहीण म्हणाली हे नाव तिच्या सासूनं ठेवल्यासारखं वाटतंय. हडळ, जखीण, डाकीण यात नेमका फरक काय? आणि ती करते त्याला करणी म्हणायचं, चेटूक म्हणायचं का भानामती?

—

हडळ आणि जखीण आधी बाद करा, त्या मेलेल्या असतात. तुमची बाई विड्या वळतीय म्हणजे जिवंत आहे की बे.

—

वरच्यांचं बरोबर आहे, पण तो फरक जरा बघण्यासारखा आहे. जुनी माणसं सांगतात की बाळंतपणात गेली ती हडळ, सवाष्ण गेली ती जखीण, विधवा गेली ती लावसट. जखीण हा शब्द यक्षिणीवरनं आला, म्हणजे कुठं ती कुबेराच्या दरबारातली यक्षिणी आणि कुठं आमच्या गावच्या विहिरीवरची जखीण, लईच घसरण झाली बिचारीची. पुरुषांची भुतं घ्या, वेताळ म्हणा खवीस म्हणा, त्यांना बायको होती का नव्हती कुणी विचारत नाही (मुंजा तेवढा सोडला तर, त्याचं लग्नच राहिलेलं असतं). बाईला मात्र मेल्यावरपण आधी नवऱ्याचा कॉलम भरावा लागतो.

चेटकिणीबद्दल तुमच्या बहिणीला शंभर मार्क. संस्कृत नाटकांत चेट म्हणजे नोकर आणि चेटी म्हणजे दासी, आणि हिंदीत चेटक म्हणजे नोकरपण आणि जादूपण, आपलं चेटूक त्याच घरातलं वाटतं. दुसरं म्हणजे कुठलीच बाई "मी चेटकीण आहे" असं म्हणत नाही. हा शब्द कायम बोट दाखवूनच वापरतात, "ती चेटकीण आहे" असा.

—

मी घरी कन्नड बोलतो, शेजारी सगळे तेलुगू, म्हणून एक गंमत सांगतो. कन्नडमधे काळ्या जादूला 'माट' म्हणतात, ते माडू म्हणजे करणे यावरनं. म्हणजे अक्षरशः करणीच! तेलुगूत 'चेतबडी', त्यात चेय्यी म्हणजे हात आलाय. आणि वेदातली कृत्या पण कृ धातूचीच, मंत्रानं उभी करून शत्रूवर सोडायची ती, आणि ती बाईच असते बरं का. चारी भाषांत त्या गोष्टीचं नाव घ्यायची हिंमत कुणाला नाही, नुसतं "काहीतरी केलंय" म्हणून गप्प बसतात. आमच्या आईलापण कुणाच्या दारात लिंबू दिसलं की ती हळू आवाजात एवढंच म्हणायची, "माडसिद्दार", म्हणजे करून घेतलंय कुणीतरी. काय, कुणी, कुणावर, काही नाही. तुमच्या कॉमिकमधे हे वापरा, भीती त्यात जास्त आहे.

—

भानामती शक्यतो वापरू नका, तिचा अर्थ वेगळा आहे. करणी कुणीतरी 'करतं', मूठ कुणीतरी 'मारतं', भानामती मात्र 'होते'. घरावर दगड पडतात, वाळत घातलेले कपडे पेटतात, अंगावर फुल्या उमटतात, बाया घुमायला लागतात, भुंकतात सुद्धा. मराठवाडा, कलबुर्गी-बिदर, तेलंगण या पट्ट्यात हाच शब्द थोडा इकडंतिकडं होऊन तिन्ही भाषांत चालतो आणि आपण अगदी काठावर बसलोय. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) लोकांनी अशी घरं जाऊन तपासली तेव्हा करणारं माणूस पुष्कळदा घरातलंच निघालं, आणि बऱ्याचदा छळाला कंटाळलेली सून नाहीतर पोरगी. तोंडानं बोलायची सोय नाही म्हणून दगड बोलतात. म्हणजे विषय तुमचाच आहे, पण तुमची बाई समोर बसून गाठ मारते, भानामतीवाली लपलेली असते.

आणि एक, चेटकीण शब्द मुखपृष्ठावर टाकताना विचार करा. करणीच्या संशयावरनं बायकांना खरोखर मारलंय, धिंड काढलीय, म्हणून तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ते वेगळं नोंदवलंय, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. या कायद्यासाठी लढणाऱ्या अंनिसच्या डॉ. दाभोलकरांचा खून 20 ऑगस्टला झाला आणि त्यानंतर आठवडाभरातच वटहुकूम निघाला. (शब्दचर्चा आहे म्हणून सांगतो, कायद्याच्या लांबलचक नावात जादूटोण्याचं "समूळ उच्चाटन" असं आहे आणि उच्चाटन हे तंत्रातल्या सहा कर्मांपैकी एक, मारणाच्या शेजारचं. जादूटोण्यावरच उच्चाटन सोडलंय सरकारनं.)

—

एक शब्द कुणीच घेतला नाही, तळतळाट. कढईत तेल तळतळतं तसं आतल्या आत तळतळणं. करणीला लिंबू, बिब्बा, काळी बाहुली, अमावस्या असा सगळा खर्च आहे, तळतळाट फुकट 'लागतो' आणि तो घालवायला मांत्रिक मिळत नाही. आमच्या आजीला कधी मूठबीठ माहीत नव्हती, पण मजुरीचे पैसे बुडवणाऱ्याला ती "माझा तळतळाट घेऊ नको" म्हणली की तो माणूस दुसऱ्या दिवशी पैसे आणून द्यायचा. मला वाटतं तुमच्या गोष्टीत दोन्ही शब्द लागतील. येणाऱ्या बायका तळतळाट घेऊन येतात आणि ही त्याची करणी वळते. तंबाखू त्यांची, वळणारी ही.

—

वरच्यांना साष्टांग. "तंबाखू त्यांची, वळणारी ही" हे बहिणीनं लगेच वहीवर लिहून घेतलं, चालेल ना? नाव 'करणी' ठरलं, जशी करणी तशी भरणी पण त्यात आपोआप बसतंय. चेटकीण फक्त सासूच्या आणि मुकादमाच्या तोंडी ठेवलाय. आणि काल सातवं पान परत काढताना लक्षात आलं की रात्री दार वाजवणारी बाई तिला यातलं काहीच म्हणणार नाही. फुग्यात होतं "चेटकीणबाई, दार उघडा". ते खोडून आता लिहिलंय "आक्का, झोपलीस का?"