परिचर्येतील पदवी आणि विशेष विभागातील नेमणूक : आपले अनुभव लिहा

पहाटपाळी (धागाकर्ती)

अतिदक्षता, नवजात अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, डायलिसिस, कर्करोग यांसारख्या विशेष विभागांत नेमणूक मिळवताना आपले शिक्षण (डिप्लोमा, पदवी की पदव्युत्तर) नेमके कोठे आडवे आले आणि कोठे कामी आले, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. ऐकीव माहिती नको. नियम देशागणिक बदलतात, म्हणून आपण कोठे काम करता ते लिहावे. रुग्णालयाचे नाव मात्र लिहू नये.

सुरुवात मी करते. भारतात मी जीएनएम हा परिचर्येचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला. चार वर्षांच्या बीएस्सी पदवीपेक्षा एक वर्ष लवकर कमावती झाले, याचा तेव्हा आनंदच होता. पहिली दोन वर्षे तीस खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये काढली आणि तेथे खरोखरच सर्व काही शिकले, कारण रात्रपाळीला माझ्याखेरीज दुसरे कोणी नसे. पुढे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदाची जाहिरात वाचली, तेव्हा कळले की बीएस्सी झालेल्या मुलीला अनुभवाची अट नाही, जीएनएम झालेलीला मात्र किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. माझी दोन वर्षे त्या हिशेबात शून्य ठरली. मी पुन्हा मोठ्या रुग्णालयात दोन वर्षे मोजली. वाचवलेल्या एका वर्षाची ही किंमत मला प्रवेश घेताना कोणी सांगितली नव्हती. खाजगी रुग्णालयाच्या एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) मात्र मला त्याच जीएनएमवर घेतले. मुलाखतीत प्रमाणपत्राची फाईल उघडलीच गेली नाही, फक्त अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शिरेतून द्यायच्या औषधाचे गणित कागदावर करून दाखवायला सांगितले.

दूरदेशी

मी अमेरिकेत असते आणि असोसिएट डिग्रीवर (बॅचलर पदवीपेक्षा कमी मुदतीच्या अभ्यासक्रमावर) परवाना मिळवला. येथे असोसिएट काय किंवा बॅचलर काय, सर्वांना एनक्लेक्स-आरएन ही एकच परीक्षा द्यावी लागते आणि हाती येणारा परवानाही एकच असतो. असे असूनही नव्या परिचारिकांसाठीच्या आयसीयू प्रशिक्षण कार्यक्रमांना मी केलेले अर्ज एकामागून एक परत आले. एकदा तर अर्ज पाठवून झाल्यावर नकार यायला अर्धा तासही लागला नाही, तेव्हा तो माणसाने वाचला असेल असे मला वाटत नाही. ‘पदवी असल्यास प्राधान्य’ या शब्दांचा अर्थ मोठ्या शहरी रुग्णालयात ‘पदवी नसल्यास नाही’ असा घ्यावा, हे मी तेव्हा शिकले.

शेवटी हृदयाच्या ठोक्यांवर सतत देखरेख असलेल्या टेलिमेट्री वॉर्डात शिरले. तेथून आयसीयूला माणसे कमी पडली की मला पाठवत. दीड वर्षाने जागा निघाली, तेव्हा तेथील मॅनेजरने स्वतः बोलावले. पुढे सीसीआरएन हे अतिदक्षतेचे प्रमाणपत्र घेतले. त्यासाठी मागील दोन वर्षांत गंभीर रुग्णांच्या थेट सेवेचे 1,750 तास लागतात, त्यांपैकी 875 अलीकडच्या वर्षातले. पदवीची अट नाही. आठवड्याला 36 तास धरले तर हा आकडा सुमारे वर्षभरात भरतो.

त्यानंतर मी ऑनलाइन बॅचलर पूर्ण केले, आणि ते आयसीयूत टिकण्यासाठी नव्हे. मॅग्नेट (उत्तम परिचर्येसाठी रुग्णालयांना दिली जाणारी) मान्यता असलेल्या रुग्णालयांत 2013 पासून प्रत्येक नर्स मॅनेजरला परिचर्येतील किमान बॅचलर पदवी लागते, म्हणजे मला खाटेपाशी कोणी हटकले नसते, पण वरची पायरी बंद होती. न्यूयॉर्क राज्याने तर 2017 साली कायदाच केला, की नव्या परिचारिकांनी परवान्यानंतर दहा वर्षांत बॅचलर पूर्ण करावी.

इनचार्ज

मी भारतातील एका आयसीयूची इनचार्ज आहे आणि अकरा वर्षे मुलाखतींना बसते, म्हणून टेबलाच्या या बाजूचे लिहिते. आमच्या व्यवस्थापनाला बीएस्सीचा आग्रह आहे. त्यासाठी ते संशोधनाचा दाखला देतात, आणि तो दाखला खोटा नाही: परिचर्या-संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी 2014 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील नऊ देशांचा अभ्यास मांडला, त्यात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले तर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंची शक्यता 7 टक्क्यांनी घटलेली दिसते. मात्र त्याच अभ्यासात असेही आहे की परिचारिकेवर एक जास्तीचा रुग्ण टाकला की ती शक्यता तितकीच, 7 टक्क्यांनी, वाढते. हे दुसरे वाक्य मी बैठकीत दोनदा वाचून दाखवले. दोन्ही वेळा चहा आला.

माझे निरीक्षण असे की, नुकत्याच बीएस्सी झालेल्या मुली ‘हे असे का’ ते चांगले सांगतात, एबीजीचा (रक्तातील वायूंच्या तपासणीचा) कागद नीट वाचतात, डॉक्टरांशी बोलताना दबत नाहीत. सहा वर्षे वॉर्डात काढलेली जीएनएम सिस्टर मात्र मॉनिटर वाजण्याआधी रुग्णाचा रंग पाहून उठते. मला नेमणुकीत दुसरी हवी असते आणि यादीत पहिलीच येते, कारण छाननी मनुष्यबळ विभाग करतो. त्यामुळे वॉर्डातल्या सिस्टरना मी बाहेरून अर्ज करू देत नाही. आधी अंतर्गत बदली मागायला लावते. बदलीच्या अर्जावर मेट्रनची, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुखाची, सही लागते, आणि मेट्रनने तिला काम करताना पाहिलेले असते.

थेम्सकाठ

इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2013 पासून परिचर्येचे सर्व नवे प्रवेश पदवी पातळीवरच होतात, त्यामुळे नव्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्यासारख्या जुन्या डिप्लोमाधारकांची नोंदणी कायम राहिली. अडले ते विशेषज्ञ परिचारिकेच्या जागेवर. कर्करोग विभागातील नऊ वर्षांनंतरही तेथे पदव्युत्तर पातळीच्या अभ्यासाची विचारणा झाली आणि आधी पदवी, मग तो अभ्यास, असा उलटा प्रवास मला चाळिशीत करावा लागला.

वहीतली पाने

उलट अनुभवही नोंदवते. मी भारतात एम.एस्सी. केले, बालरुग्ण परिचर्या या विषयात. त्यानंतर बालरुग्ण आयसीयूतील साध्या स्टाफ नर्सच्या जागेसाठी गेले, तर मुलाखतीत पहिला प्रश्न आला, ‘मॅडम, तुम्ही कॉलेजात शिकवायला का जात नाही?’ जास्त पगार मागेन, लवकर सोडून जाईन, इनचार्जचे ऐकणार नाही, ही तीन भये मला समोरच्यांच्या चेहऱ्यावर दिसली. दोन ठिकाणी नाकारले गेले. तिसऱ्या ठिकाणी मी लेखी दिले की पाळीचे काम मला मान्य आहे, तेव्हा घेतले.

सलाईनवाली

डायलिसिसमध्ये चौदा वर्षे आहे, जीएनएम. पदवीबद्दल आजवर कोणी विचारले नाही. फिस्टुलात (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने तयार केलेल्या शिरेत) सुई पहिल्याच प्रयत्नात गेली पाहिजे, इतकेच रुग्ण पाहतो आणि डॉक्टरही.

नवीन_नोंदणी

माझे जीएनएम होऊन तीन वर्षे झाली, मेडिकल वॉर्डात आहे आणि आयसीयूत जायचे आहे. दोन वर्षांचे पोस्ट बेसिक (जीएनएमनंतर करायचे) बीएस्सी आधी करावे, की एक वर्षाचा क्रिटिकल केअरचा पोस्ट बेसिक डिप्लोमा?

इनचार्ज

ताई, उद्याच आयसीयूत शिरायचे असेल तर एक वर्षाचा डिप्लोमा. त्यात व्हेंटिलेटर हाताळायला मिळतो आणि मुलाखतीत ते कळते. पण पुढे क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनर (जास्त अधिकार असलेली प्रगत परिचारिका) व्हायचे मनात असेल, तर तो दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पदवीशिवाय मिळत नाही. मग पोस्ट बेसिक बीएस्सी टाळता येणार नाही. दोहोंच्या आधी एक करा: आपल्या मेट्रनकडे महिनाभराची आयसीयू ड्युटी मागा. तेथे तुमचे मन लागते का, ते आधी पाहा. माझ्याकडे आलेल्या दोघी डिप्लोमा पूर्ण करून पंधरा दिवसांत वॉर्डात परतल्या होत्या.