कार्ड संपलं म्हणजे पीआर संपला असं नाही

कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज टाकून दीड वर्ष झालं, अर्ज कुठवर आला ते दाखवणारा ऑनलाइन ट्रॅकर हलत नाही आणि त्यात पीआर (कायम रहिवासी) कार्डाची मुदत संपतेय, नवं काढू का, असं तुम्ही विचारलंय. कॅनडात संपतं ते कार्ड, दर्जा नाही. नागरिकत्वाच्या अर्जाला चालू कार्ड लागतही नाही. पण बाहेर जाऊन विमानाने परतायचं तर कार्ड हवंच, नाहीतर तिकडून प्रवासपत्र काढत बसा. आईची तब्येत नरम आहे म्हणताय, मग नूतनीकरण आजच टाका. नागरिकत्वाच्या शपथेची वाट बघू नका.

नागरिकत्वासाठी कॅनडात 1095 दिवस राहिल्याचा हिशोब अर्जाच्या तारखेपर्यंतचा असतो, त्यामुळे नंतर भारतात गेलात तर तो बिघडत नाही. परीक्षेचं किंवा शपथेचं बोलावणं मात्र ईमेलवर येतं, स्पॅमसुद्धा बघत जा. शपथ घेताना कॅनडातच असावं लागतं, ऑनलाइन असली तरी.

चौकशीसाठी भरलेल्या वेबफॉर्मला साचेबंद उत्तर येतं, त्यात जीव रमवू नका. माहिती अधिकारासारखा कायदा तिथेही आहे. 5 डॉलर भरून फाइलमधल्या नोंदी मागवा, गाडी कुठे अडलीय ते बहुधा कळतं. तिथल्या खासदाराच्या कार्यालयातूनही चौकशी करता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. (एजंट मात्र याचेच घेतात!)

आणि शपथेनंतर लगेचचं मुंबईचं तिकीट काढू नका. त्या क्षणी भारतीय नागरिकत्व जातं, तो पासपोर्ट वापरणं गुन्हा. आधी कॅनडाचा पासपोर्ट, मग व्हिसा किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड).