मदत हवी आहे: बटेरच्या गर्भाचं मूळ लिंग टरफलातून कळेल का?

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा प्रकल्प करतेय आणि शेवटच्या टप्प्यावर अडकलेय.

जपानी बटेरची ४० अंडी उबवायला ठेवली. तिसऱ्या दिवशी निम्म्या अंड्यांच्या बलकात तेलात मिसळलेलं एथिनिलएस्ट्राडायॉल (एस्ट्रोजेन या मादी संप्रेरकाचं कृत्रिम रूप) टोचलं, बाकीच्यांत नुसतं तेल. पंधराव्या दिवशी गर्भ उघडले. नुसतं तेल दिलेल्या नरांत दोन्ही वृषणं तांदळाच्या कणीसारखी, गुळगुळीत. ११ नंबरच्या अंड्यात मात्र उजवं तसंच, पण डावं चपटं होऊन पसरलेलं, आणि शेजारी अंडनलिका शाबूत! नरात ती विरून जायला हवी होती. मादीत फक्त डावं अंडाशय वाढतं आणि ते घडवतं एस्ट्रोजेनच, त्यामुळे नरातही डावीच बाजू आधी बदलली, इथपर्यंत समजतं.

खरी अडचण १७ आणि २३ नंबरची. त्यांत डावीकडे सरळसरळ अंडाशय दिसतंय, उजवीकडे जेमतेम ठिपका. या जन्मतः माद्या की पूर्ण बदललेले नर? डोळ्यांनी ठरवणं अशक्य आहे. पक्ष्यांत नराची लिंग-गुणसूत्रं झेडझेड, मादीची झेडडब्ल्यू. सीएचडी१ जनुकाची पीसीआर (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहायची चाचणी) केली की झेडझेड नराला एक पट्टी आणि झेडडब्ल्यू मादीला दोन पट्ट्या येतात. पण मी घाईत ऊतीचा तुकडा न काढताच अख्खे गर्भ फॉर्मलिनमध्ये टाकले, आणि त्यात डीएनए खराब होतो. चूक माझीच.

टरफलं मात्र नंबर घालून उणे २० अंशांवर जपून ठेवली आहेत. आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांचं पातळ आवरण चिकटलेलं आहे, ते गर्भाचंच. त्यातून डीएनए काढायचा विचार आहे. भीती एवढीच की टरफलावर आईच्या पेशी असू शकतात, आणि आई झेडडब्ल्यू. तिचा डीएनए मिसळला तर नरही मादी दिसेल, म्हणजे नेमकी जी चूक टाळायचीय तीच पदरात पडेल.

१९८१ मध्ये फ्राय आणि टून यांनी गल या समुद्रपक्ष्यांच्या अंड्यांत डीडीटी हे कीटकनाशक टोचून नर गर्भांत अंडाशयाची ऊती आणि अंडनलिका दाखवली होती. मात्रा किती, तर १९७१ मध्ये समुद्रपक्ष्यांच्या दूषित अंड्यांत सापडली होती तेवढीच. ते वाचूनच हा विषय घेतला, म्हणून दोन गर्भ अंदाजाने कुठल्यातरी रकान्यात टाकायला मन धजत नाही.

कुणी टरफलाच्या आतल्या आवरणातून डीएनए काढलाय का? आधी किती वेळा धुतलं? फक्त रक्तवाहिनी चिमट्याने सोलून घेतली तर आईचा डीएनए टळतो का? आणि बटेरला दोन पट्ट्या स्पष्ट वेगळ्या दिसतील असा प्रायमर (पीसीआरमध्ये नेमका तुकडा पकडणारा छोटा डीएनए) कोणता वापरलात?