मोटर बदलण्याआधी रिडक्शन कुठे आहे ते बघा
लेगो टेक्निकचा (गिअर-मोटर असलेल्या लेगो मॉडेलचा) ट्रक चढावर थांबतो, या तक्रारीवर कुणी एक्सएल (मोठी, जास्त जोराची) मोटर लावा, तर कुणी चाकांना वर्म गिअर लावा, असं सुचवलंय. मोटर बदलून फरक पडेल, नाही असं नाही, पण टेक्निकमध्ये खरी अडचण बहुतेक वेळा प्लास्टिकच्या अ‍ॅक्सलची (गिअर आणि चाकं फिरवणाऱ्या दांड्याची) असते. 8 दात्यांच्या गिअरने 24 दात्यांचा फिरवला की वेग एक तृतीयांश होतो आणि जोर, घर्षण वजा जाता, जवळपास तिप्पट. हे रिडक्शन (वेग कमी करून जोर वाढवणं) मोटरला लागूनच केलं तर तो सगळा तिप्पट जोर लांब अ‍ॅक्सल आणि डिफरन्शियलमधून (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचातून) जातो. अ‍ॅक्सल पिळवटतो, डिफरन्शियलचे छोटे गिअर कट्‌कट् करत दाते सोडायला लागतात. मोठी मोटर लावली की हे आणखी लवकर होतं! तेच रिडक्शन चाकापाशी, हबमध्ये केलं की मधल्या अ‍ॅक्सलवर तेवढा ताण येतच नाही. शिवाय गिअरची जोडी एकाखाली एक ठेवली तर गाडीचं पोटही जमिनीपासून उंच राहतं. लेगोच्या 2011 च्या युनिमॉग ट्रकमध्ये (संच क्र. 8110) असे पोर्टल अ‍ॅक्सल आहेत, ते एकदा खोलून बघाच.

वर्म गिअरचा (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरचा) सल्ला मात्र चाकांसाठी मला पटला नाही. 24 दात्यांच्या गिअरवर थेट 24:1 रिडक्शन मिळतं खरं, पण चाकाकडून मोटर उलटी फिरत नाही, त्यामुळे करंट तोडला की गाडी जागीच जाम. क्रेनच्या दोराला तो उत्तम. आणि हो, बॅटरी बॉक्समधले सहा रिचार्जेबल सेल म्हणजे 9 नाही, 7.2 व्होल्ट, मोटर मंद वाटते ती त्यामुळेही असेल.