पाण्यातलं कीटकनाशक एन्झाइमच्या सेन्सरने तपासावं का?

जलरेखा:
नमुना प्रयोगशाळेत जातो, गॅस क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) होते, आणि अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेलं असतं. म्हणून पहिली चाचणी जागच्या जागी, एन्झाइम बसवलेल्या इलेक्ट्रोडवर व्हावी असं माझं ठाम मत आहे. ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जासंस्थेतलं एन्झाइम त्याला दिलेलं ॲसिटिलथायोकोलीन फोडतं, थायोकोलीन सुटतं, इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडेशन होऊन करंट मिळतो. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं कीटकनाशक आलं की एन्झाइम लुळं पडतं, करंट उतरतो. किडीच्या मज्जासंस्थेत विष ज्यावर घाव घालतं, तेच इथे पहाऱ्याला आहे. रेणूचं नाव काहीही असो, त्याचा घाव मोजला जातो.

पिपेट:
करंट उतरला म्हणजे कीटकनाशकच, हे कशावरून? पारा, तांबं यांसारखे धातूही हे एन्झाइम दाबतात. तापमान, पीएच बदलला तरी आकडा हलतो. एन्झाइम नुसतं जुनं झालं तरी करंट उतरतोच!

पण मला भीती आहे ती उलट्या चुकीची. पॅराथिऑन, क्लोरपायरिफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं मूळ रूपात या एन्झाइमला फारसं धरत नाहीत. शरीरात त्यांचं ऑक्सॉन (गंधकाच्या जागी ऑक्सिजन आलेलं रूप) होतं आणि मग ती घातक ठरतात. म्हणजे नेमकी हीच विषं तुमच्या पहारेकऱ्यासमोरून सुखरूप निघून जाणार. 'घाव मोजला जातो' हे मागे घ्या.

जलरेखा:
अर्धं मागे घेते. नमुना आधी ब्रोमीनने ऑक्सिडाइझ करून ऑक्सॉन बनवता येतं. उरलेलं ब्रोमीन मात्र काढावं लागतं, नाहीतर तेच एन्झाइमला मारेल. जुन्या एन्झाइमची शंका शुद्ध पाण्याचा नमुना सोबत चालवून मिटते. शिवाय करंट उतरल्यावर इलेक्ट्रोडला ऑक्झाइम (एन्झाइमला चिकटलेलं विष सोडवणारं रसायन) द्या. तो सावरला तर ऑर्गॅनोफॉस्फेटचा संशय बळावतो. फक्त उशीर करू नका, काही संयुगं वेळ गेला की कायमची चिकटतात.

कोरा_कागद:
तुम्ही दोघं एन्झाइम बंद पडण्यावरच भांडताय. ऑर्गॅनोफॉस्फरस हायड्रोलेज हे दुसरं एन्झाइम पॅराथिऑन थेट फोडतं, पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतं आणि तेच इलेक्ट्रोडवर मोजता येतं. फिनॉल या प्रदूषकासाठी टायरोसिनेज हे एन्झाइम आहे. प्रदूषक वाढलं की करंट वाढतो, म्हणजे जुन्या एन्झाइममुळे खोटा इशारा मिळत नाही. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, त्यातूनच पुढे ग्लुकोमीटर घरोघरी गेला. इथेही तीच वाट धरावी.

पिपेट:
ती वाट इथे तोकडी पडते. रक्तातलं ग्लुकोज लिटरमागे मिलिमोलमध्ये, म्हणजे तुलनेने कितीतरी जास्त, असतं. पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाची युरोपीय मर्यादा सर्वसाधारणपणे लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आहे. इतक्या कमी मात्रेत थेट फोडणारं एन्झाइम सहसा अपुरं पडतं. ॲसिटिलकोलिनएस्टरेज तिथे सरस आहे, हे मी विरोधात असूनही मान्य करतो. कारण विष त्याला चिकटून राहतं, जितका वेळ भिजवाल तितका परिणाम साचत जातो.

जलरेखा:
मग आपलं भांडण निकाल कसा लिहायचा एवढंच उरलं. करंट उतरला तर 'पुढे तपासा' लिहा. उतरला नाही तरी 'पाणी सुरक्षित' लिहू नका.

पिपेट:
हे उपकरणाच्या पडद्यावरच छापलेलं असेल तर माझा विरोध नाही. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर असेल, तर आहे.