अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय: वडिलांना न्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझे वडील ७६ वर्षांचे, १९७१च्या लढाईत सेंच्युरियन रणगाड्यावर चालक होते. परवा त्या रणगाड्याचं नाव निघालं आणि जेवता जेवता त्यांचे दोन्ही हात आपोआप गिअर टाकल्यासारखे हलले. तेव्हाच ठरवलं, अहिल्यानगरला न्यायचंच. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात सेंच्युरियन, विजयंता, १९६५च्या युद्धातला पॅटन असे रणगाडे एका ठिकाणी आहेत. पण गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. आत व्हीलचेअर नेता येते का? बसायला सावली आहे का? रणगाड्याला हात लावू देतात का? हे फार महत्त्वाचं आहे. नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.